फोंड्याने उतरा, गगनबावड्याने चढा

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. पाडव्याला जोडून पाच दिवस मिळतायत आणि गाडीने कोकणात उतरायचं ठरतंय. समुद्र हवाच, पण मला खरी ओढ घाटाची आहे. आजवर प्रत्येक वेळी पावसाळ्यातच गेलो, घाटातला वसंत कधी नीट थांबून पाहिलाच नाही. घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो ताम्हिणी जवळ पडतो, दीर म्हणतात आंबोलीसारखं काही नाही, आणि ऑफिसातली मैत्रीण वरंध्याचं नाव घेते. बरोबर बहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्याला खंडाळ्यातसुद्धा उलटी होते. सासूबाईंचं माहेर वैभववाडीजवळचं, पण तिथे आता कुणी राहत नाही. आणखी एक. गाडी मीही चालवते, मुंबई-नाशिक सगळं केलंय, पण घाट आला की नवरा स्टिअरिंग मागतो. या वेळी मला चालवायचाय. कोणता घाट घ्यावा?

— एक वाचक, वारजे, पुणे

ताई, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून.

कोल्हापूरपर्यंत हमरस्त्याने जा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने खाली उतरा, देवगडला दोन रात्री राहा आणि येताना वैभववाडीवरून गगनबावड्याला चढून पुन्हा कोल्हापूर गाठा. उतरायचा घाट वेगळा, चढायचा वेगळा. आणि त्यातला एक तुम्हीच चालवायचा, त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या घरातली मतं चुकीची नाहीत, पण ती पावसाळ्यातली आहेत. आपल्याकडे घाटाची कीर्ती जुलै-ऑगस्टमध्ये ठरते. धबधबे किती, धुकं किती, हिरवळ किती. चैत्राच्या तोंडावर त्याच घाटात गेलं तर पाणी आटलेलं असतं, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि एखादा डोंगर वणव्याने काळा झालेला असतो. माणसं हिरमुसतात आणि उन्हाळ्यात सह्याद्रीत बघायला काही नसतं असं म्हणत परत येतात. मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण नेमक्या याच दिवसांत रानात सगळ्यात मोठी घडामोड चाललेली असते. फक्त ती गवतात नसते, झाडांत असते. म्हणून वसंतात घाट निवडताना एकच विचारायचं: या घाटाला झाडी कुठली आहे?

सह्याद्रीत ढोबळमानाने दोन प्रकारची रानं भेटतात. एक पानगळीचं. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस पानं टाकून फुलतात, नुसत्या फांद्यांवर लाल-केशरी फुलं. मार्चमध्ये कुसुंबाला पालवी फुटते ती इतकी लाल असते की लांबून झाड फुललंय असंच वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की ती पानं आहेत. काही दिवसांत ती पोपटी होतात आणि मग नेहमीची हिरवी. दुसरं सदाहरित रान. महाबळेश्वरपासून कोयना, चांदोली आणि राधानगरीपर्यंत घाटमाथ्यावरचं जंगल अभ्यासक अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांवरून ओळखतात. अंजनीला वसंतात फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. तसा निळा रंग आपल्या रानात दुसऱ्या झाडावर सहसा दिसत नाही. जांभळाला पांढुरका मोहोर येतो आणि झाडाखाली उभं राहिलं तर मधमाश्यांचा आवाज ऐकू येतो. हे रान मार्चमध्येही गर्द असतं, सावली देतं आणि आतल्या हवेत ओलावा असतो.

ज्या घाटाच्या माथ्यावर सदाहरित रान आणि पायथ्याला पानगळीचं, तिथे तासाभराच्या उतरणीत दोन्ही वसंत भेटतात. फोंडा घाट तसा आहे.

आता बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ताम्हिणी खरंच जवळ आहे, मुळशीच्या पाण्याकाठचा रस्ता छान आहे, मध्ये मध्ये दाट झाडीचे पट्टेही आहेत. पण त्याचं वैभव पाण्यात आहे, आणि तो तुम्हाला माणगावला सोडतो. तिथून देवगड-मालवणच्या बाजूला यायचं तर मुंबई-गोवा महामार्गावरून जवळजवळ पूर्ण दिवस जातो. एका दिवसाच्या सहलीला ठेवा तो. वरंध्याचा भोरकडून जाणारा रस्ता नीरा-देवघरच्या जलाशयाला धरून जातो, पुढे वाघजाईच्या देवळापाशी उभं राहून खाली पाहिलं की छाती दडपते. मला तो अतिशय आवडतो. पण तिथे दरडी कोसळतात, पावसाळ्यात तो वारंवार बंद ठेवावा लागतो, दुरुस्तीची नि रुंदीकरणाची कामं निघतात. उलटी होणारं लेकरू मागे आणि घाट पहिल्यांदा हातात, अशा दिवशी वरंधा नको. कुंभार्लीला कोयनेचं रान शेजारी आहे, पण मालट्रक फार. त्यांच्या मागे धूर खात चढण्यात कसला वसंत?

आंबोलीचं मात्र तुमच्या दिरांना श्रेय द्यायला हवं. तिथलं रान फोंड्याच्या तोडीचं आहे. तुम्हाला सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याला जायचं असतं तर मी डोळे झाकून आंबोली सांगितली असती, आणि खाली उतरल्यावर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, मिळाला तर घ्याच असंही म्हटलं असतं. पण मुलगा आणि सासूबाई असताना पुण्याहून तेवढं लांब जायचं, तेही ज्या धबधब्यासाठी बहुतेक लोक तिथे थांबतात तो कोरडा असताना, हे मला पटत नाही.

पुढे कधी दोनच दिवस मिळाले तर वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर आणि प्रतापगडाच्या कुशीतून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट ही वाट लक्षात ठेवा. अंजनीसाठी तिच्यासारखी जागा नाही. आत्ता तो सांगत नाही कारण वळणं फार आहेत आणि ती संपता संपत नाहीत. मुलाचे हाल होतील.

फोंड्याला जाताना पहिला मुक्काम राधानगरी किंवा दाजीपूरला करा, कोल्हापूर शहरात नको. पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर कोल्हापूर दुपारच्या जेवणापर्यंत येतं. सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते लागतात, तेव्हा हाताशी वेळ राखूनच निघा. कोल्हापूरहून राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रस्ता भोगावतीच्या खोऱ्यातून उसाच्या मळ्यांमधून जातो आणि हळूहळू डोंगर जवळ यायला लागतात. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, आपोआप उघडणाऱ्या दरवाजांसाठी प्रसिद्ध. दरवाजांची गंमत पावसाळ्यात, पण जलाशय मार्चमध्येही भरपूर मोठा दिसतो आणि रस्त्याच्या कडेने बराच वेळ सोबत करतो. संध्याकाळी तिथे बसायला सासूबाईंनाही जमेल, चढायचं-उतरायचं काही नाही.

दाजीपूर म्हणजे गव्यांचं रान. राधानगरी अभयारण्याला १९५८ साली संरक्षण मिळालं, राज्यातलं ते पहिलं अभयारण्य. पश्चिम घाटाचे जे भाग २०१२ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले त्यात राधानगरीही आहे. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्याने जाणार आहात तो या वारशाच्या अंगाखांद्यावरून जातो. आत जायचं असेल तर प्रवेशद्वारापाशी वनविभागाकडे चौकशी करून ठरवा. पण खरं सांगू, घाटाच्या दिवशी अभयारण्यातली फेरी उरकायचा हट्ट धरू नका. मुख्य रस्त्याच्या दुतर्फाच एवढं आहे. सकाळी सातला निघा. शेकरूची पानांमधली खसखस, तांबटाची टुकटुक, कुटुर्ग्याची न थांबणारी हाक. गाडी बंद केली की दोन मिनिटांत कानावर यायला लागतं. मुलाला सांगा, फांद्यांच्या बेचक्यात वाळक्या काटक्यांची मोठी गोल घरटी शोध. ती शेकरूची असतात. गवा दिसला तर नशीब, पण दिसला तर काच वर, गाडीतून कुणी उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही आणि तो बाजूला होईपर्यंत जागचं हलायचं नाही.

सकाळीच उतरा असं मी सांगते याचं कारण निव्वळ पक्षी नाहीत. सह्याद्री पूर्वेकडून हळूहळू चढत येतो आणि पश्चिमेला एकदम तुटतो. त्यामुळे सगळ्या घाटांची तोंडं पश्चिमेला. सकाळी उतरताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो, डोळ्यांवर येत नाही, कडा सावलीत असतो आणि रस्ता गार असतो. दुपारनंतर उतरलात तर तोच सूर्य थेट काचेवर येतो, वळणावरून समोरचं वाहन दिसत नाही आणि मार्चमधल्या धुरकट हवेत दरीही पांढरी पडते. चढायचं असेल तर याच्या उलट. दुपारी चारनंतर चढायला लागा. ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या कड्यांवर पडतं, काळ्या पाषाणातल्या एकावर एक रचलेल्या पायऱ्या तेव्हा स्पष्ट दिसतात. सकाळी त्याच कड्यांकडे पाहिलं तर नुसती एक निळसर भिंत दिसते. सकाळी उतरा, दुपार कलल्यावर चढा, एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं. मार्चअखेरीला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तेव्हा सहाच्या आत माथ्यावर पोचायचं अशा बेताने निघा. अंधारात घाट चढू नका. वाहनांपेक्षा जनावरांची भीती जास्त असते.

उतरताना झाडी कशी बदलते ते मुलाला पाहायला सांगा. वर गर्द काळोखी हिरवाई, मग एकेक उघडं झाड दिसायला लागतं, पांगाऱ्याचे लाल तुरे, मग कुसुंब, आणि पायथ्याशी आलात की काजूची बागायत. फोंडाघाट गावात थांबून चहा घ्या, हातपाय मोकळे करा. इथून हाच रस्ता नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून शिरगाव-जामसंड्यावरून देवगडला जातो. निपाणी-देवगड असा हा एकच जुना मार्ग आहे, फाटे शोधावे लागत नाहीत. जेवायला देवगडला पोचाल. मार्चमध्ये हापूस नुकता सुरू झालेला असतो आणि महाग असतो, पण ओले काजूगर भरपूर मिळतात. घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवलं तर उसळ करून देतात. देवगडचे दोन दिवस कसे घालवायचे हे मी सांगायला नको. कुणकेश्वर, विजयदुर्ग आहेत, आणि काही न करता बसायला समुद्र आहे.

परतीच्या वाटेबद्दल मात्र सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनात राहिलं. सासूबाईंचं माहेर वैभववाडीजवळचं, तिथे आता कुणी राहत नाही, असं तुम्ही लिहून पुढे गेलात. कुणी राहत नसलं तरी गाव असतं. विहीर असते, देऊळ असतं, वाटेवरचा आंबा असतो. ज्या बाईने लहानपणी त्या बाजूचा घाट एसटीतून पाहिला असेल तिला बरोबर घेऊन तुम्ही कोकणात निघालाय आणि घाट कोणता घ्यावा हे तिलाच कुणी विचारलेलं नाही. आज संध्याकाळी विचारा. त्यांच्या लहानपणी कोल्हापूरला जायचं तर कुठून जात, गाडी कुठे थांबे, हे सगळं त्यांच्याकडून ऐका. तुमच्या सहलीचा अर्धा आराखडा त्यातून तयार होईल.

वैभववाडीच्या बाजूने गगनबावड्याला दोन घाट चढतात. एक करूळ, थेट वैभववाडीहून. दुसरा भुईबावडा, खारेपाटण-उंबर्ड्याच्या बाजूने. दोन्ही वर गगनबावड्याला मिळतात. करूळ हा मोठा रस्ता, रहदारीही त्यावर जास्त. नव्याने बांधून काढण्यासाठी तो मध्यंतरी बरेच महिने बंद होता. भुईबावडा अरुंद आहे, पण त्याच्या वळणांवरून दरी फार मोकळी दिसते. सासूबाईंचं गाव ज्या अंगाला असेल तो घाट घ्या. दोन्ही सारख्या अंतरावर पडत असतील तर माझं मत करूळला, कारण थांबायला जागा बऱ्या आहेत आणि एसटी समोरून आली तर मागे घ्यावं लागत नाही. देवगडहून सकाळी निघा, दुपारपर्यंत गावात काढा, सासूबाईंना घाई करू नका. वेळ उरला तर नापण्याचा धबधबा जवळ आहे, उन्हाळ्यातही त्याला पाणी असतं. मग चारला घाट.

वर गगनबावड्याला गगनगड आहे, गगनगिरी महाराजांचा मठ आहे. गडावर पायऱ्या आहेत, तेव्हा सासूबाईंना नेऊ नका. तुम्ही मायलेक जाऊन या आणि त्यांना यजमानांबरोबर खाली चहाला बसू द्या. वरून दोन्ही घाटांची वळणं दिसतात. तिथून कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर, रस्ता सोपा.

आता चालवण्याचं. तुम्हाला घाट चालवायचाही आहे आणि पाहायचाही. या दोन गोष्टी एकाच घाटात होत नाहीत, ताई. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी, दरीकडे गेली की गाडीही तिकडे जाते. म्हणून तर दोन घाट सांगितले. फोंडा तुम्ही चालवा. सकाळची वेळ, ताजं डोकं, कमी रहदारी, आणि तिथली मजा रस्त्यालगतच्या झाडीची आहे, ती चालवतानाही अंगावर येते. गगनबावड्याची चढण यजमानांना द्या, कारण तिथली शोभा लांबवरची आहे आणि ती तुम्ही खिडकीशी बसून पाहायला हवी. हमरस्ता वाटून घ्या. यजमानांना एवढंच सांगा की वळणावर सूचना द्यायच्या नाहीत. ज्या हाताने तुम्ही मुंबई-नाशिक केलंय त्याच हाताने घाटही होतो. मात्र काही गोष्टी निराळ्या आहेत.

जो घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे जुन्या चालकांचं म्हणणं सोन्यासारखं आहे. तीव्र उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनच्या जोरावर स्वतःला धरून ठेवते आणि ब्रेकवर ताण येत नाही. गाडी ऑटोमॅटिक असेल तर ती नुसती डी वर टाकून उतरू नका. एल, एस किंवा मॅन्युअल यांपैकी जे असेल ते घरून निघण्याआधी एखाद्या उड्डाणपुलाच्या उतारावर वापरून पाहा. न्यूट्रलमध्ये उतरायचं नाही, कधीच नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर दाबा, वळणात सोडलेला असू दे. सतत अर्धवट दाबून ठेवलात तर तो तापतो आणि जळका वास येतो. तसा वास आला तर रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असा नियमच आहे. तो सगळे पाळत नाहीत, पण तुम्ही पाळा. एसटी दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबा. तिला वळायला आख्खा रस्ता लागतो. आणि फोटोसाठी कितीही मोह झाला तरी वळणावर गाडी लावायची नाही.

मुलाच्या उलटीचं मूळ असं की कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण वळतोय, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळतं. चालवणाऱ्याला उलटी होत नाही कारण पुढचं वळण त्याला आधी कळतं. तेच मुलाला द्या. मागच्या सीटवर मधोमध बसवा, तिथे खांद्यावरून येणारा पट्टा असेल तर. समोरची काच त्याला दिसली पाहिजे. पुढचं वळण डावं की उजवं हे मोठ्याने सांगायची जबाबदारी त्याची. मोबाइल, पुस्तक, चिप्सचं पाकीट घाट संपेपर्यंत बंद. सकाळी कोरडा टोस्ट किंवा थोडी पेज, पोट अगदी रिकामंही नको. कोल्हापूरची मिसळ परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा. आवळासुपारी तोंडात असू दे, काच थोडी खाली. आणि तुम्ही स्वतः सावकाश चालवा, कारण वळणात एकदम ब्रेक आणि एकदम वेग यांनी जेवढं मळमळतं तेवढं वळणाने मळमळत नाही. गोळी द्यायची तर ती निघण्याआधी द्यावी लागते, कोणती नि किती हे त्याच्या डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंना घाटात पुढच्या सीटवर बसवा. पाय लांब होतात आणि समोरचं दिसतं. दीड तासाला एकदा उतरवून चार पावलं चालवा. बायकांच्या स्वच्छतागृहाची अडचण या रस्त्यावर खरी आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. कोल्हापूर सोडताना, राधानगरीत आणि फोंडाघाटला, जिथे सोय दिसेल तिथे गरज नसली तरी जाऊन या. जंगलाच्या पट्ट्यात मध्ये काही नाही. पेट्रोलही आधीच भरा, आणि नकाशा मोबाइलवर उतरवून ठेवा कारण दाजीपूरच्या पुढे रेंज जाते. नकाशा तुम्हाला वेळ वाचवणारा रस्ता सुचवेल आणि बहुधा करूळनेच उतरायला सांगेल. त्याचं ऐकू नका.

पाडव्याच्या आसपास कोकणातल्या बऱ्याच गावांत शिमगा अजून चालू असतो. रस्त्यात पालखी आली तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, खाली उतरून नमस्कार करा. सासूबाईंना नारळ किंवा ओटी द्यावीशी वाटेल, पिशवीत ठेवाच. पोरं दोरी आडवी धरून शिमग्याचं पोस्त मागतील, त्यासाठी दहा-वीसच्या नोटा सुट्या असू द्या. घाटात वणवा लागलेला दिसला आणि धूर रस्त्यावर येत असेल तर त्यातून जाण्याचं धाडस करू नका, अलीकडच्या गावात थांबा. माकडांना खायला घालू नका, ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि गाडीखाली चिरडली जातात. अवकाळी पावसाची सर आली तर पहिला अर्धा तास रस्ता सगळ्यात निसरडा असतो, तेलाचा नि धुळीचा राप वर येतो. तेवढा वेळ कुठेतरी टपरीवर काढा.

निघायच्या आदल्या दिवशी दोन फोन करा. एक राधानगरी बसस्थानकाला, एक वैभववाडीला. विचारायचं एवढंच, घाटातून एसटी चालू आहे का. एसटी चालू असेल तर तुमची गाडीही जाईल. फोंडा बंद असेल तर करूळने उतरा आणि भुईबावड्याने चढा. करूळ बंद असेल तर भुईबावड्याने चढा, पण मग यजमानांना आणखी सावकाश चालवायला सांगा आणि अर्धा तास आधी निघा.